आम्ही आळशी नाही, पांगलेले आहोत

पशुसंवर्धनाचा मेळावा असो, बँकेतलं कर्जप्रकरण असो, की पंचायत समितीच्या व्हरांड्यातला चहा असो. जाफराबाद तालुक्यात दुधाचा विषय निघाला की एक वाक्य हटकून येतं. "इकडच्या माणसाला दुधाचा धंदा जमत नाही." बोलणारा बाहेरचा असला तर 'इकडच्या' म्हणतो, गावचाच असला तर 'आपल्या' म्हणतो. पुढचं भाषण दोघांचं सारखंच. संगमनेरचा शेतकरी पहाटे चारला गोठ्यात असतो. कोल्हापुरात घरोघरी म्हैस असते. आणि आपला माणूस? कपाशी लावली, सोयाबीन पेरलं, की पारावर. सरकारने गाय दिली, अर्धे-पाऊण पैसे दिले, तरी वर्षाच्या आत गाय बाजारात. मग मराठवाड्यात दूध कुठून येणार, साहेब?

टेंभुर्णीत आणि आसपासच्या गावांत हे इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यावर हसूही येत नाही. चीड याची येते, की असं बोलणारे बहुतेक लोक शिकलेले असतात, त्यांच्या खिशात मोबाइल असतो, मोबाइलमध्ये नकाशा असतो, आणि तो उघडून गोठे कुठे आहेत आणि कुठे नाहीत हे एकदा पाहावं असं त्यांच्या मनातसुद्धा येत नाही.

त्यांचं म्हणणं आधी नीट मांडू. सोयीचं करून खोडण्यात मजा नाही. ते म्हणतात, दूध जनावर देतं आणि जनावर माणूस सांभाळतो. दूध कमी पडलं तर दोष एकतर जनावरात, नाहीतर माणसात. जनावर तर आता सगळीकडे तेच आहे. घोडेगावच्या नाहीतर लोणीच्या बाजारातून आणलेली संकरित होलस्टीन. म्हणजे उरला माणूस. म्हणून उपाय काय, तर माणसाला प्रशिक्षण द्या, यशोगाथा दाखवा, प्रगतशील गोठ्यांवर सहल काढा, आणि कुणी नाराज होणार नाही अशा बेताने प्रत्येक गावाच्या वाट्याला दोन-दोन गायी येऊ द्या. गाय गोठ्यात पोचली की सरकारचं काम संपलं. पुढे ज्याच्या मनगटात जोर असेल तो दूध काढील.

तर्क ऐकायला बिनतोड आहे. त्यातून एकच गोष्ट सुटली. त्या गायीच्या भोवती दहा किलोमीटरमध्ये आणखी किती गायी आहेत?

टेंभुर्णी नावाचं दुसरं एक गाव सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात आहे, पुणे-सोलापूर महामार्गावरचं. आमच्या टेंभुर्णीचा पत्ता सांगताना 'जालना जिल्हा' जोडावं लागतं ते त्याच्यामुळे. त्या टेंभुर्णीच्या शेजारी इंदापूर, त्याच्या पलीकडे बारामती आणि फलटण. राज्यातल्या दुधाचा मोठा पट्टाच तो. आता एकच गाय घ्या आणि मनातल्या मनात आधी त्या टेंभुर्णीत बांधा, मग या टेंभुर्णीत. मालक तोच ठेवा, वैरण तीच, पहाटेचे चारही तेच.

पहाटे गाय हंबरायला लागते, शेजारच्या कालवडीवर चढते, शेपटीखाली काचेसारखा बळस लोंबतो. माजावर आली. हा माज साधारण बारा ते अठरा तास टिकतो. पहाटे दिसला तर संध्याकाळपर्यंत कृत्रिम रेतनाची कांडी भरली पाहिजे, हा गोठ्यातला पहिला नियम. तिकडच्या टेंभुर्णीत मालक फोन करतो. कृत्रिम रेतन करणारा त्याच भागात फिरत असतो, कारण त्याच्या रोजच्या फेरीत अशी दहा घरं असतात. एकाने फोन उचलला नाही तर दुसरा असतो. दुपार ढळली की येतो, कांडी भरतो, जातो.

इकडच्या टेंभुर्णीत मालक तितकाच तत्पर आहे. फोनही त्याच वेळी करतो. पण ज्याच्याकडे नायट्रोजनचा जार आहे तो माणूस तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला असतो आणि म्हणतो, "उद्या सकाळी येतो." त्याचंही चुकत नाही. ज्यात कांड्या उणे १९६ अंशांवर ठेवायच्या असतात त्या जारचा नायट्रोजन रोज थोडाथोडा उडून जातो, वापरा नाहीतर नका वापरू. पेट्रोलचा खर्च निघायला एका फेरीत चार-पाच गायी तरी मिळाल्या पाहिजेत. चार-पाच गायी एका दिशेला नाहीतच, तर त्याने एकीसाठी पन्नास किलोमीटर का यावं? उद्या सकाळी तो येतो तोवर माज उतरलेला असतो.

पुढचा माज एकवीस दिवसांनी. खुराक आणि वैरण मिळून दिवसाला दीडशे रुपये धरा. तीन हजारांवर रुपये गायीच्या पोटात गेले आणि पुढचं वेत जिथल्या तिथे. असे दोन-तीन माज हुकले की दोन वेतांमधलं अंतर तेरा-चौदा महिन्यांवरून पंधरा-सोळावर जातं. मग गाय भाकड काळात उभ्या उभ्या खात राहते, कर्जाचा हप्ता थांबत नाही, आणि मालक ती विकतो. मेळाव्यात मात्र त्याचं वर्णन होतं: 'लाभार्थ्याने अनुदानाची गाय विकून खाल्ली.'

इथे माणसाच्या आळसाचा भाग कोणता, हे मला कुणीतरी दाखवावं.

दुधाचंही तसंच. धार काढल्यापासून दोन-तीन तासांत दूध चार अंशांपर्यंत थंड झालं नाही तर त्यातले जंतू भराभर वाढतात आणि उन्हाळ्यात ते नासतं. म्हणजे गोठ्यापासून शीतकरणाच्या टाकीपर्यंतचं अंतर हा दुधाच्या धंद्याचा कणा. आता साधा हिशोब करा. समजा संकलनाच्या गाडीला ड्रायव्हर, डिझेल आणि हप्ता धरून दिवसाला दीड हजार रुपये लागतात. त्या फेरीत तीन हजार लिटर दूध मिळालं तर लिटरमागे पन्नास पैसे पडले. तीनशे लिटर मिळालं तर पाच रुपये. हे साडेचार रुपये कुणाच्या खिशातून जाणार? डेअरीच्या तर नक्कीच नाही. एक तर भाव तेवढा कमी मिळणार, नाहीतर गाडी बंद होणार. बहुतेक वेळा तिसरंच होतं: गाडी सकाळी येते, संध्याकाळी येत नाही.

आणि संध्याकाळची गाडी बंद पडली की गायीचं दूध खरोखर कमी होतं. ते कमी भावात जातं एवढ्यावर भागत नाही. संध्याकाळच्या धारेला गिऱ्हाईक नाही, म्हणून मालक ती धार मन लावून काढत नाही. थोडं वासराला, थोडं विरजणाला, थोडं शेजारी. जे दूध विकलं जाणार नाही त्यासाठी पेंडीचं पोतं कोण आणील? खुराक तुटतो. कास पूर्ण रिकामी होत नाही, आणि अर्धवट राहिलेली कास पुढच्या वेळी कमीच दूध देते. हे गायीच्या शरीराचंच गणित आहे. नगर जिल्ह्यात अठरा-वीस लिटर देणारी म्हणून आणलेली गाय इकडे बारा-तेरावर येते, ती अशी. तिला हवा मानवली नाही म्हणतात. हवा मानवते हो. तिला दुधाची गाडी मानवत नाही.

बाकीचं थोडक्यात सांगतो. दगडी झाली, म्हणजे कासेला सूज येऊन दुधात गाठी आल्या, तर उपचारात अर्धा दिवस गेला तरी एखादा सड कायमचा जातो. खाजगी डॉक्टर जिथे आजारी जनावरं जास्त तिथेच दुकान मांडणार. मूरघासाचं यंत्र जिथे पन्नास गोठे गिऱ्हाईक आहेत तिथेच भाड्याने येणार. सिल्लोड-भोकरदनकडचा मका इथून ट्रकने बाहेर जातो आणि पशुखाद्याच्या पोत्यातून भाडं चढवून परत येतो, कारण पोतं इथेच भरण्याइतकी गिऱ्हाइकी इथे नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शेजाऱ्याचं पाहून शिकणं. नगर-पुण्याकडे मुक्तसंचार गोठा मेळाव्यांतून पसरला असं कुणाला वाटत असेल तर वाटो. एकाने दावं सोडून जनावरं मोकळी ठेवली, शेजाऱ्याने वर्षभर कुंपणावरून पाहिलं, मजुरी वाचते आणि दूधही घटत नाही हे दिसलं, तेव्हा त्याने आपली गव्हाण मोडली. इकडच्या लाभार्थ्याला कुंपणावरून दिसते ती कपाशी.

एवढं सांगितल्यावर मंडळी पवित्रा बदलतात. "ते सगळं खरं, पण त्यांच्याकडे पाणी आहे. उजनीचं धरण आहे, ऊस आहे, वाढं आहे."

आहे. कबूल. पण सांगोल्याला काय आहे? आटपाडीला? माणला? पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळी म्हणून ओळखले गेलेले तालुके हे, आणि तिथे दुधाच्या गाड्या दोन्ही वेळा फिरतात. २०१२-१३ च्या दुष्काळात माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने चारा छावणी उभी केली, माणसं जनावरांसकट तिथे राहायला गेली. पाणी असलेल्या मुलखात छावण्या लागत नाहीत. आणि मराठवाड्याचंच उदाहरण हवं असेल तर धाराशिव जिल्ह्यातलं भूम घ्या. बालाघाटच्या माळरानावरची गावं, ना उजनी ना ऊस. दूध शहरापर्यंत टिकणार नाही, म्हणून त्या भागाने गावोगाव खव्याच्या भट्ट्या लावल्या. भट्ट्या एकमेकांजवळ, म्हणून व्यापारी दारात, म्हणून भूमचा खवा आणि कुंथलगिरीचा पेढा राज्यभर. भूमची माणसंही मराठवाड्याचीच ना? त्यांना आळस शिवला नाही, तो नेमका जाफराबादेतच कसा मुक्कामाला आला?

अंड्यांचं पाहा. तामिळनाडूतलं नामक्कल देशाला अंडी पुरवतं. तिथल्या कोंबड्यांना लागणारा मका त्या जिल्ह्यात पुरेसा पिकतो का? नाही, परराज्यांतून ट्रक भरून आणतात. मग अंडी तिथेच का? कारण पिल्लं, खाद्य, लस, पिंजरे बनवणारा, पक्ष्यांचा डॉक्टर, ट्रेवाला आणि लॉरीवाला सगळे एका हाकेच्या अंतरावर आहेत, आणि एकाच्या कोंबडीने अंडी कमी दिली तर दुपारपर्यंत कारण कळतं. आपल्या राज्यात २०२३ च्या जानेवारीत पशुसंवर्धन खात्याच्याच अधिकाऱ्यांनी सांगितलं, की महाराष्ट्राला रोज सुमारे १ कोटी अंडी कमी पडतात. उपाय काय सुचला? जिल्ह्याजिल्ह्यात अनुदानावर पिंजरे आणि व्हाइट लेगहॉर्न कोंबड्या द्यायच्या! म्हणजे नामक्कलशी टक्कर कशाच्या जोरावर, तर पांगापांग करण्याच्या.

आता आळसाच्या आरोपाचा सोक्षमोक्ष लावू, आणि तो जालना जिल्ह्यातच लावू. जालन्यात लोखंडाची खाण आहे का? कोळशाची? नाही. तरी सळई जालन्याची. बियाण्याचं म्हणाल तर १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको काढली, एकीच्या पाठोपाठ इतर कंपन्या आल्या, आणि आज देवळगाव राजा-जाफराबाद पट्ट्यात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं संकरित बी तयार होतं. ते काम पाहिलंय का कधी? मिरचीची नाहीतर टोमॅटोची कळी उमलायच्या आदल्या संध्याकाळी चिमट्याने उघडायची, आतले पुंकेसर एकेक करून काढायचे, कळीला खूण करायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर नराचे परागकण लावायचे. हे शेकडो कळ्यांना, रोज, ठरलेल्या वेळेत. आमच्या बाया त्याला नुसतं 'क्रॉसिंग' म्हणतात आणि हसत-बोलत करतात. वेळ चुकली तर बी भेसळ, आणि भेसळ निघाली तर कंपनी माल घेत नाही. कळ्यांची वेळ पाळणाऱ्या या हातांना गायीची वेळ पाळता येत नाही, असं म्हणायला जीभ कशी रेटते?

शेडनेट इथे रुजलं, कारण एका गावात वीस शेडनेट आहेत म्हणून कंपनीचा माणूस आठवड्याला फिरकतो, कापड फाटलं तर शिवणारा मिळतो, क्रॉसिंगला तयार हात मिळतात. कडवंचीची द्राक्षं घ्या. विजयअण्णा बोराडे आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने तिथे पाणलोटाचं काम केलं ते अख्ख्या गावाच्या शिवारात, इथे एक बांध आणि पाच गावं सोडून दुसरा बांध असं केलं नाही. म्हणून छाटणीवाले, औषधवाले, व्यापारी तिथे एकगठ्ठा आले. रेशमाचं तर अलीकडचंच. आमचे शेतकरी कोष घेऊन कर्नाटकात रामनगरपर्यंत जायचे. २०१८ मध्ये जालन्यातच कोषांची बाजारपेठ सुरू झाली. माणूस तोच, तुती तीच, अळी तीच. बाजार जवळ आला आणि तोच माणूस एकदम उद्योगी ठरला. रेशमाची अळी पाळणं हेही जित्राब सांभाळणंच आहे की. दिवसातून तीन-चार वेळा पाला घालावा लागतो, रात्रीचाही.

यावर हुकमी पत्ता टाकल्यासारखा जो मुद्दा येतो तो रोगाचा. "एका जागी एवढी जनावरं आणली आणि साथ आली म्हणजे?" मग २००६ च्या फेब्रुवारीतलं नवापूर निघतं. भारतातला पहिला बर्ड फ्लू तिथल्या पोल्ट्री पट्ट्यात सापडला, लाखो पक्षी मारून पुरावे लागले, आणि २०२१ मध्ये ते पुन्हा घडलं. हे खरं आहे आणि भयंकर आहे. पण त्याच २००६ मध्ये पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात बर्ड फ्लू निघाला तो परसातल्या कोंबड्यांमध्ये, त्याचं नाव कुणी घेत नाही. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात सुमारे ८०० कोंबड्या मेल्या. मुरुंबा काय नामक्कल होतं? लम्पी २०२२ च्या साथीत राज्यात प्रथम दिसला तो ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात, आणि शेजारच्या बुलडाण्यात त्याने हाहाकार केला. दोन्ही जिल्हे दुधाच्या पट्ट्यात मोडतात असं मी तरी ऐकलेलं नाही. नगरलाही तो आलाच, नाकारत नाही. पण माशी आणि गोचीड एका गोठ्यातून दुसऱ्यात जायला क्लस्टरची परवानगी मागत नाहीत, आणि बाजारातून बाजारात हिंडणारं जनावर रोग सर्वांत लांब नेतं. म्हणून तर तेव्हा जनावरांचे बाजार बंद करावे लागले. पांगलेल्या मुलखात रोग येत नाही असं नाही. तो आल्याचं उशिरा कळतं. लस टोचणाऱ्याला विचारा, एका सकाळी एकाच गावात दोनशे जनावरं टोचणं सोपं, की दहा गावांत मिळून दोनशे?

दाटीलाही मर्यादा असते. नेदरलँड्समध्ये जनावरं इतकी दाटली की त्यांच्या शेणमुतातल्या नायट्रोजनवरून २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सरकारची परवाना पद्धतच मोडीत काढली. पण जाफराबाद तालुक्यात बसून नेदरलँड्सची भीती घालणं म्हणजे उपाशी माणसाला अजीर्णाचं पथ्य सांगणं. आमच्याकडे शेणखताच्या ट्रॉलीला आगाऊ पैसे देऊन नंबर लावावा लागतो. द्राक्षवाला मागतो, मिरचीवाला मागतो, शेडनेटवाला मागतो. शेण जास्त होण्याची चिंता ज्या दिवशी इथे लागेल त्या दिवशी मी स्वतः त्यावर लेख लिहीन.

सगळ्यात जड मुद्दा न्यायाचा आहे. तो मांडणारे प्रामाणिक असतात, म्हणून त्यांना उत्तर देणं भाग आहे. ते म्हणतात, दहा-पंधरा गावांनाच सगळं दिलं तर बाकीच्यांनी काय पाप केलं? पशुसंवर्धन खात्याच्या नाविन्यपूर्ण योजनेतून दोन दुधाळ जनावरं, दहा शेळ्या नि एक बोकड, हजार मांसल पक्षी. सर्वसाधारण गटाला निम्मं अनुदान, अनुसूचित जाती-जमातींना पंचाहत्तर टक्के. यादी लागते, नंबर येतो, आणि लाभ जिल्हाभर विभागला जातो. यात गैर काय?

गैर हे, की ही समता कागदापुरती आहे. एखाद्या वस्तीवरच्या भूमिहीन बाईला दोन गायी मिळाल्या. त्या गावात संकलन नाही, डॉक्टर नाही, वैरण विकत. ती दूध घालणार कुणाला? गावातल्या हॉटेलवाल्याला, तो म्हणेल त्या भावात, आणि तो म्हणेल त्या दिवशी पैसे. ज्याची स्वतःची पिकअप आहे, वीस एकर आहे, शहरात रतीब आहे, तो मोठा गोठेवाला कुठेही तगतो. त्याला शेजारी गोठे असले काय नि नसले काय. शेजार लागतो तो एक-दोन जनावरांच्या मालकाला. १९४६ मध्ये त्रिभुवनदास पटेलांच्या पुढाकाराने खेडा जिल्ह्याचा संघ उभा राहिला, कोल्हापुरात १९६३ मध्ये गोकुळ सुरू झाला. दोन्हीकडे दूध घालणारी माणसं दोन-चार लिटरवाली होती. गावातली शंभर घरं त्याच टाकीत दूध ओतत होती म्हणून त्या दोन लिटरला गाडी दारापर्यंत आली. एकट्या बाईसाठी ती कधीच आली नसती. तेव्हा गरिबाच्या नावाने गायी पांगवणारे गरिबाच्या हातून त्याचं एकमेव बळ काढून घेतात, वर त्याच्या नावाने अश्रू ढाळतात.

सरकारी मदतीचाही ओघ पाहा. २०२४ मध्ये भाव कोसळले तेव्हा राज्याने गायीच्या दुधाला लिटरमागे आधी ५ आणि नंतर ७ रुपये अनुदान दिलं. मिळालं कुणाला? सहकारी संघाला नाहीतर खाजगी डेअरीला दूध घालणाऱ्याला. रतिबाच्या आणि हॉटेलच्या दुधाला कवडी नाही. ज्या गावात डेअरीची गाडीच नाही त्या गावाने अनुदान पेपरात वाचलं.

"पण मग डेअरीवाले लुटतात," असंही एक पालुपद आहे. लुटतात. फॅट-डिग्रीच्या यंत्राबद्दलच्या तक्रारी दुधाच्या पट्ट्यात पोत्याने मिळतील. २०१७ च्या जूनमध्ये पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, शहरांचं दूध अडलं, आणि सरकारला बोलणी करावी लागली. हे पुणतांब्यालाच का जमलं? रस्त्यावर दूध ओतायला आधी टँकर भरेल इतकं दूध लागतं. जाफराबादेत संप केला तर फार तर दोन हॉटेलांचा चहा काळा होईल.

यावर कुणी घाईने 'टेंभुर्णी दुग्ध क्लस्टर' असा फलक रंगवायला घेईल, त्याला हात जोडून थांबवतो. फलकाने गोठे जवळ येत नाहीत. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचा विदर्भ-मराठवाडा प्रकल्प ज्या ११ जिल्ह्यांत सुरू झाला त्यांत जालना होताच. संकलनाची सोय त्याने आणली, पण जनावरं वाटणारं खातं आपली यादी वेगळी लावतं, संकलन वेगळ्या रस्त्याने फिरतं, आणि रेतनाचं उद्दिष्ट तिसऱ्याच कागदावर असतं. तिघांच्या नकाशावर गावं एकच असावीत, एवढी साधी अट कुणी घालत नाही.

ती अट घाला. टेंभुर्णीभोवती पंधरा गावं निवडा, एका गाडीच्या एका फेरीत बसतील अशी. पहिल्यांदा शीतकरणाची टाकी आणि दोन्ही वेळची गाडी. मग त्या पंधरा गावांपुरता एक रेतन करणारा, त्याच्या नायट्रोजनचा खर्च पहिली तीन वर्षं सरकारने उचलायचा. मग मका आणि मूरघास. गायी सगळ्यात शेवटी, आणि तीन वर्षं तालुक्याच्या वाट्याच्या सगळ्या दुधाळ गायी याच पंधरा गावांत. चौथ्या वर्षी पुढची पंधरा, भोकरदनच्या दिशेने, पहिल्यांना लागून. यादीतल्या बाकीच्यांना थांबावं लागेल, आणि ते त्यांना तोंडावर सांगण्याची हिंमत आमदारांपासून ग्रामसेवकापर्यंत सगळ्यांना दाखवावी लागेल.

आणि हिशोब बदला. यंदा किती लाभार्थ्यांना किती गायी दिल्या हा आकडा आम्हाला नको, तो दर वर्षी भरपूर असतो. रोज संध्याकाळी टाकीत किती लिटर दूध पडलं, तो आकडा पंचायत समितीच्या फळ्यावर खडूने लिहा. तीन वर्षं लिहा. त्यानंतरही तो वाढला नाही, तर आम्हाला खुशाल आळशी म्हणा.